रियाजची दुसरी हाक

रियाज, परवा संध्याकाळी तू ढगेवस्तीवर एकदाच हाक मारलीस, असं कौसाबाईंचं म्हणणं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळी त्यांचा फोन. एरवी आधी माझी चौकशी, मग पावसाची, मग कामाचं. या वेळी तसलं काही नाही. "ताई, काल दिवस मावळताना रियाजभाईंनी हाक दिली. पर एकदाच दिली." मी चहाचा कप घेऊन स्वयंपाकघरात उभी होते. तू गेल्याला अजून महिना झालेला नाही. "आमी समदी अंगनात बसून राह्यलो. म्हनलं, दुसरी येतीया का बघू. न्हाई आली."

"मग?" मी विचारलं.

"मग काय, शेळी गेली. नात ज्या ओट्यावर भाकर खात बसली हुती, त्या ओट्याखालून नेली."

नात बरी आहे. तुला आधी हेच विचारायचं असणार, म्हणून सांगून टाकते. पण ती आता ओट्यावर बसत नाही, आणि जेवतही नाही धड.

आता सगळं पहिल्यापासून सांगते. तुला माहीत असलेलंही सांगणार आहे. तू मध्येच तोंड घालणार नाहीस अशी ही पहिलीच वेळ, तर बोलून घेते.

आपण दोघांनी सावेडीतल्या त्या दीड खोलीत बसून काय केलं, तर डबे केले. उसाच्या कडेला खांबावर कॅमेरा, खाली पत्र्याच्या पेटीत एक छोटा संगणक, वर भोंगा. कॅमेऱ्यात बिबट्या दिसला की भोंगा वाजणार आणि वस्तीवरची माणसं घरात जाणार, इतका साधा हिशोब. त्या संगणकात चालणारं सॉफ्टवेअर एका इमेजमध्ये बांधून पाठवायचं. प्रोग्राम, त्याला लागणारी सगळी सामग्री, आवाजाच्या फाइली, सगळं एकत्र भरून झाकण लावलेलं. तिलाही आपण डबाच म्हणायचो. ती बांधायचं काम तुझं. "बिल्ड मारतो आणि येतो," म्हणून लॅपटॉपला लावायचास आणि खाली भेळ खायला जायचास.

पहिल्यांदा भोंग्यात सायरन घातला होता, आठवतंय? कुणी ढुंकून बघेना. कारखान्याचा भोंगा, अँब्युलन्स, त्यात आपला एक. मग तू म्हणालास, माणसाचा आवाज पाहिजे. कुणाचा, म्हटलं. तर हा गडी फोन काढून तिथेच ओरडला, "आरं ए, घरात व्हा रं! बिबट्या आलाय! लेकरं आत घ्या!" शेजारचा शिंपी धावत वर आला होता. मिरजगावात वाढलेला गळा तुझा, बाजाराच्या गलक्यात बापाच्या सायकल दुकानातून पार वेशीपर्यंत पोचायचा म्हणे. मी तुला मिरजगाव म्हणायचे, तू मला शेवगाव. नावं घ्यायची वेळ आपल्यावर फक्त भांडणात यायची.

पण नुसती हाक घालूनही लोक हलेनात. ढगेवस्तीवर तर हाक ऐकून माणसं जागच्या जागी थिजायची आणि एकमेकांची तोंडं बघायची. तू जाऊन विचारलंस तेव्हा कौसाबाईंनी तुलाच झापलं. "तिन्हीसांजेला एका हाकेला कोन ओ देतं व्हय? एकदा हाक मारतं ते भूत. मानूस असंल तर दुसऱ्यांदा मारतंय." तू हसत परत आलास आणि दुसरी हाक वेगळी रेकॉर्ड करून घातलीस. मध्ये जरा थांबा, मग पुन्हा तेच शब्द. त्या दिवसापासून वस्ती हलायला लागली. पहिल्या हाकेला कान टवकारायचे, दुसरीला आत पळायचं.

आणि त्याच आठवड्यात आपलं ते भांडण सुरू झालं, जे शेवटपर्यंत मिटलं नाही.

माझं म्हणणं एवढंच होतं की डबा फक्त तुझ्या लॅपटॉपवर बांधला जाऊ नये. तोच कोड तू तुझ्याकडे बांध, मी माझ्याकडे बांधते, आणि दोन्ही डबे अगदी जसेच्या तसे निघाले पाहिजेत. चवीला सारखे नव्हे, दाण्याला दाणा सारखे. प्रत्येक इमेजचा एक ठसा निघतो, अक्षरं आणि आकड्यांची लांबलचक ओळ. आत एक टिंब जरी बदललं तरी सगळी ओळ बदलते. दोन ठिकाणचे ठसे जुळले तरच खात्री, की जे कोडमध्ये लिहिलंय तेच डब्यात गेलंय, कुणाच्या मशीनवरचं उष्टंखरकटं नाही. आपले ठसे कधीच जुळायचे नाहीत. मग मी एकेक कारण उपटत बसले. बांधतानाची वेळ प्रत्येक फाइलला चिकटायची, ती गोठवली. फाइली ज्या क्रमाने सापडतील त्या क्रमाने भरल्या जायच्या, तो क्रम ठरवून दिला. डब्यातला सगळ्यात खालचा थर, ज्यावर बाकी सगळं बसतं, तो इंटरनेटवरून "जो ताजा असेल तो" असा यायचा, म्हणजे आज एक आणि उद्या दुसरा. तो नेमका कुठला घ्यायचा ते लिहून टाकलं.

तू खुर्चीत रेलून ऐकायचास. सगळं ऐकून झाल्यावर म्हणालास, "म्हणजे कौसाबाईंचंच झालं की. एकदा बांधला तर भूत, दोनदा बांधून जुळला तर माणूस."

मी म्हटलं, कळलं ना तुला? मग कर.

"कळलं गं. पण चालतंय ना? चालत्या गाडीला कशाला हात लावायचा?"

अरे, ज्याला एका वाक्यात इतकं नेमकं कळतं त्याने करायचं नाही, याचा मला इतका संताप यायचा! माझे सगळे बदल तू "बघतो, बघतो" करत बाजूला ठेवलेस. वस्तीला दोन हाका दिल्यास आणि मला एकच. डबा तुझ्याच लॅपटॉपवर बांधला जात राहिला, तुझ्याच हाताने, आणि चालतही राहिला, हेच तर दुर्दैव.

तू गेलास त्या सकाळी तुझा फोन आला होता. मी गाडीवर होते, डीएसपी चौकात, समोर ट्रक. म्हटलं, पुन्हा वाजला तर बाजूला घेते. पुन्हा वाजला नाही. दुपारी तुझ्या भावाने फोन केला तेव्हा मी त्याला आधी हेच म्हणाले की हो, मला मिस्ड कॉल आहे त्याचा, करतेच आहे मी. तो म्हणाला, रियाज गेला. छातीत कळ आली आणि दवाखान्याच्या दारापर्यंतही तू पोचला नाहीस, एवढंच नंतर कळलं. तुला काय सांगायचं होतं त्या फोनवर? कामाचंच असेल. भेळ आणू का, हेही असेल. मी रोज वेगळं काहीतरी ठरवते आणि कुठलंच पटत नाही.

तू गेलास, पण ऊसतोड काही थांबत नाही. कोयते लागले की बिबट्या उसातून बाहेर निघतो आणि त्याला वस्तीशिवाय जागा राहत नाही. कोयते लागायच्या आत सगळ्या डब्यांत नवी इमेज टाकायची होती, कारण कॅमेरे बदलले होते. तुझा लॅपटॉप तुझ्या घरी, कपाटात. तुझ्या तिसऱ्या दिवसाच्या जियारतीला आले तेव्हा तो मागायला माझी जीभ रेटेना. म्हणून वस्तीवर जाणारा डबा पहिल्यांदाच मी माझ्याकडे बांधला. त्याआधी जुनाच कोड बांधून ठसा तुझ्या शेवटच्या डब्याशी ताडून पाहिला. जुळला नाही. पण तुझा ठसा कधी कशाशी जुळलाय? न जुळणं ही आपल्याकडे बातमीच नव्हती. घरातलं कुत्रं रोज उगाच भुंकत असलं, तर चोर आल्या दिवशी कोण उठतं?

तरी सगळीकडे नाही पाठवला. आधी एकाच ठिकाणी, ढगेवस्तीवर. त्याच्या आधी खोलीत भोंगा जोडून वाजवूनही पाहिला. आणि तुझा आवाज आला. "आरं ए, घरात व्हा रं!" त्या दीड खोलीत, तुझ्या रिकाम्या खुर्चीच्या वरून. मी वायर उपसून काढली, रियाज. खाली जाऊन नळाखाली तोंड धुतलं आणि वर आल्यावर स्वतःलाच सांगितलं की आवाज येतोय, म्हणजे चालतंय. तुझंच वाक्य. दुसरी हाक ऐकायला मी थांबलेच नाही, म्हणून दुसरी हाक नव्हतीच, हे मला कळलं नाही.

ते कौसाबाईंना कळलं, आणि त्यांच्या शेळीला.

फोन ठेवला आणि आधी ढगेवस्तीच्या डब्यात तुझीच जुनी इमेज परत टाकली. नव्या कॅमेऱ्यावर ती अंधुक बघते, पण दोनदा बोलते तरी. मग सरळ तुझ्या घरी गेले. तुझ्या अम्मींनी दार उघडलं. काही न विचारता लॅपटॉप आणून स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला, आणि मग म्हणाल्या, "तिकडं आजून बोलतोय का गं तो?"

"बोलतोय, अम्मी."

"रोज?"

"बिबट्या आला तर."

त्यांनी मान हलवली आणि कांदा चिरायला घेतला.

तुझं फोल्डर उघडलं. रियाज, आतमध्ये "दुसऱ्यांदा" नावाच्या दोन फाइली शेजारी शेजारी होत्या. एकाच फोल्डरमध्ये, एकाच नावाच्या. असं होऊच शकत नाही. शाळेतलं पोरही सांगेल की एका जागी एका नावाची एकच फाइल राहते. मी डोळे चोळले, चष्मा पुसला, अक्षर न अक्षर लावून पाहिलं. दु, स, तो आडवा अर्धा र, यां, दा. हुबेहूब. अम्मी मागे चिरत होत्या तो आवाजही मला त्या वेळी नकोसा झाला.

मग त्या अर्ध्या र पाशी येऊन थांबले. तो टाइप करायच्या दोन तऱ्हा आहेत. फोनचा कीबोर्ड एका तऱ्हेने लिहितो, तुझा लॅपटॉप दुसऱ्या. पडद्यावर दिसतात सारखे, मशीनच्या लेखी मात्र दोन वेगळी नावं. इंग्रजीत नावं ठेवणाऱ्याला हे सात जन्मांत झालं नसतं. पण तुला हौस, आपल्या लोकांचं काम तर आपल्या भाषेत नावं! फोनवर रेकॉर्ड केलेली हाक तू आपल्या दोघांच्या सामायिक साठ्यात टाकलीस, फोनच्या र ची. प्रोग्राममध्ये नाव लिहिलंस ते लॅपटॉपच्या र चं. ती फाइल प्रोग्रामला सापडणारच नव्हती. म्हणून तू लॅपटॉपवर दुसरी केलीस, ती चालली, आणि ती साठ्यात टाकायची राहिली. ती फक्त तुझ्याकडे होती; मी डबा बांधला तो साठ्यातून. आणि फाइल सापडली नाही तर काय करायचं, तर गप्प पुढे जायचं, हेही तूच लिहिलेलं. "उगाच डबा बंद पडायला नको."

इथवर मला तुझा रागच येत होता. चांगला सणसणीत, बरं वाटावं असा. मग मी दोन्ही फाइली वाजवून बघितल्या.

आधी लॅपटॉपवाली. तीच, वस्तीवर रोज जाणारी, खणखणीत. मग फोनवाली. तेच शब्द, तोच तू. पण "लेकरं आत" इथे तुझा श्वास संपतो. तू थांबतोस, धापा टाकतोस, मग कसंबसं "घ्या" म्हणतोस. आणि मागून माझा आवाज येतो, "काय रे मिरजगाव, जिना चढून आलास का?" आणि तू हसतोस.

अम्मींची सुरी थांबली.

"हा दम कवाचा?"

"उन्हाळ्यातला असेल," मी म्हटलं.

"मला न्हाई सांगितलं त्यानं."

"मलाही नाही, अम्मी."

त्यांनी सुरी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "लई हुशार व्हता. समदं निस्तरून मग दाखवायचा."

नेमकं तेच. म्हणजे नाव जुळलं नाही हे खरं, पण तू निव्वळ नाव बदललं नव्हतंस. तू हाक पुन्हा रेकॉर्ड केलीस, बसून, दम खाऊन, कुणी नसताना. धापेची फाइल सगळ्यांना दिसेल अशा जागी विसरलास आणि निरोगी माणसाची फाइल तेवढी डब्यात भरून गावोगाव पाठवलीस. आम्ही सगळे ती ऐकत राहिलो. तुझ्या छातीत काय चाललंय तेही तू तुझ्याच मशीनवर ठेवलंस, गाढवा. मी एवढी ठसे जुळवत बसले होते, तेव्हा एकदा तरी सांगायचंस की माझ्याकडे काहीतरी आहे जे तुझ्याकडे नाही. "चालतंय ना" म्हणजे काय चालत होतं, रियाज?

रडून झालं. अम्मींनी चहा दिला. मग कामाला लागले, कारण तुझ्याच गावाकडच्या रानात कोयते लागल्याचं तुझा भाऊ सांगत होता.

कुठली हाक ठेवायची, हा प्रश्न होताच. धापेचीच ठेवावी असं क्षणभर वाटलं, ती जास्त खरी. पण त्या हाकेवर लोक आत पळतील का तुला बघायला बाहेर येतील, सांगता येत नाही. तू निवडलेलीच ठेवली. नाव मात्र बदललं. "दुसऱ्यांदा" काढून "दोनदा" केलं, त्यात अर्धा र नाही. आणि फाइल सापडली नाही तर आता डबा बांधलाच जात नाही, बोंब मारतो. माझे ते सगळे जुने बदल घातले, तुझं "बघतो, बघतो" न विचारता. मग एक डबा तुझ्या लॅपटॉपवर, एक माझ्या, त्याच टेबलावर शेजारी शेजारी.

ठसे आले. मी बोट ठेवून एकेक अक्षर वाचत गेले आणि अम्मी दुसऱ्या पडद्यावरचं अक्षर सांगत गेल्या. त्यांना इंग्रजी अक्षरं येतात, हे मला माहीत नव्हतं. शेवटपर्यंत जुळले. पहिल्यांदा, आणि तू नव्हतास. "जुळलं?" त्यांनी विचारलं. म्हटलं, जुळलं. "मंजे आता तुज्याकडं बी तो हाय तसाच हाय," त्या म्हणाल्या. मला यापुढे कुणी विचारलं की एवढी उठाठेव कशासाठी करता, तर मी हेच सांगणार आहे.

काल डबा घेऊन ढगेवस्तीवर गेले. पलीकडच्या रानात तोड चालू आहे, निम्मा ऊस पडलाय, निम्मा उभा. जे काही आत असेल ते आता त्या निम्म्यात. शेळीच्या जागी खुंटा तसाच होता. नात दारातूनच माझ्याकडे बघत होती. मी कौसाबाईंना विचारलं की दुसऱ्या कुणाचा आवाज घालू का, गेलेल्या माणसाची हाक रोज तिन्हीसांजेला, तुम्हाला बरं वाटत नसेल. मनात धरूनच आले होते की त्या हो म्हणतील.

"कशापायी?" त्या म्हणाल्या. "त्यो काय परका हाय? फकस्त दोनदा मारा म्हनावं."

डबा लावला, तपासला, दोन्ही हाका पूर्ण ऐकल्या. या वेळी वायर काढली नाही. निघेपर्यंत दिवस कलला. कोयते थांबले, बैलगाड्या रस्त्याला लागल्या आणि एकदम सगळीकडे सामसूम झाली. कौसाबाई म्हणाल्या, चहा घेऊन जा. अंगणात बसलो. कुत्री आधी भुंकत होती, मग ती घराच्या मागे निघून गेली. उभ्या उसाचा शेंडा एका जागी हलला. वारा नव्हता.

"आरं ए, घरात व्हा रं! बिबट्या आलाय! लेकरं आत घ्या!"

मी उठले. कौसाबाईंनी मनगट धरून खाली बसवलं. "थांबा," त्या म्हणाल्या. कुणी हलेना. नात दारात, तिचा बाप कडी धरून, मी कप घेऊन. ऊस पुन्हा हलला, या वेळी अलीकडे. मला माहीत होतं की फाइल आत आहे, ठसे मी स्वतः वाचले होते, तरी मी भोंग्याकडे कान लावून होते. रियाज, त्या तेवढ्या वेळात मी तुझ्याकडे जेवढं मागितलं तेवढं तू होतास तेव्हा कधी मागितलं नाही. पुन्हा मार. एवढी एक वेळ, पुन्हा मार.

आली. जशीच्या तशी.

सगळे आत पळाले. कौसाबाई मला ओढत होत्या. मी उंबऱ्यावर पाय रोवून, उसाकडे तोंड करून, मोठ्याने "ओ" दिली आणि मग आत गेले.